सांगणारा कोण, आणि कशातला?

4 जानेवारी 2015 रोजी मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलात भारतीय विज्ञान काँग्रेसच्या 102व्या अधिवेशनात, संस्कृत ग्रंथांतील प्राचीन विज्ञान या सत्रात, कॅप्टन आनंद बोडस आणि अमेय जाधव यांचा प्राचीन भारतीय विमानविद्येवरचा निबंध सादर झाला. आपल्याकडे हजारो वर्षांपूर्वी एका देशातून दुसऱ्या देशात, एवढेच काय, एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर जाणारी विमाने होती आणि ती मागेही उडत, असा त्यातला दावा होता. आधार होता भरद्वाज ऋषींच्या नावावर असलेल्या एका ग्रंथाचा. निबंध वाचला जाण्याआधीच अमेरिकेतल्या नासाच्या एम्स संशोधन केंद्रातले रामप्रसाद गांधीरामन यांनी तो रद्द करावा म्हणून स्वाक्षऱ्यांची मोहीम सुरू केली होती.

त्यानंतर आमच्या शेलारमध्येही याच विषयावर हमरीतुमरी झाली. शेलार हे भिवंडीला चिकटलेले गाव. दिवसरात्र माग चालतात, उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेले कारागीर इथे राहतात, देऊळ आणि मशीद हाकेच्या अंतरावर, आणि चहाच्या टपरीवर मोबाइलवर आलेले सगळे मोठ्याने वाचले जाते. एका बाजूचे म्हणणे होते की बोलणारा माणूस साधासुधा नाही, कॅप्टन आहे, वैमानिक घडवणाऱ्या संस्थेचा प्राचार्य होता. दुसऱ्या बाजूचे म्हणणे होते की विरोध करणारा नासाचा आहे, मग आणखी काय पाहिजे? दोघांच्याही हातात एकेक बिल्ला होता. ज्या ग्रंथावरून हे सगळे चालले होते तो कोणी, कधी लिहिला आणि त्यात काय आहे, हे मात्र कोणी विचारले नाही.

हे पुस्तक त्या न विचारलेल्या प्रश्नांसाठी आहे. शेलार आणि आसपासच्या पाड्यांतली काही कॉलेजात जाणारी मुलेमुली गेली काही वर्षे विज्ञान आणि धर्म यांच्या वादात पुढे येणाऱ्या नावांची माहिती जमवत आहेत. हा लेखक कोण, काय शिकला, कुठे शिकला, ज्या विषयावर बोलतो त्यात त्याने काम केले आहे का, याची ही टिपणे. त्यांनी मला प्रस्तावना मागितली, म्हणून आधी माझीही ओळख दिली पाहिजे. मी शाळेत विज्ञान शिकवले, तेही मुख्यतः रसायनशास्त्र. संस्कृत शाळेत होते तेवढेच, अरबी अजिबात येत नाही. तेव्हा पुढे ग्रंथांच्या भाषेविषयी जे आहे ते माझ्या अधिकाराने लिहिलेले नाही. जाणकारांनी जे छापून ठेवले आहे तेच मी सांगतो आहे.

विमानांच्या ग्रंथाचा कसून तपास कालिन्याच्या सत्राच्या चाळीस वर्षे आधीच झाला होता. 1974 साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी, एच. एस. मुकुंद, एस. एम. देशपांडे, एच. आर. नागेंद्र, ए. प्रभू आणि एस. पी. गोविंदराजू यांनी, ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाचा अभ्यास करून लेख प्रसिद्ध केला. हे सगळे विमानविद्या आणि यंत्र अभियांत्रिकीतले. ग्रंथ थोतांड आहे, आम्ही तज्ज्ञ आहोत, मिटले, एवढे म्हणून त्यांना थांबता आले असते. ते तसे थांबले नाहीत. ग्रंथ आला कुठून, हे त्यांनी आधी शोधले. बंगळूरजवळच्या अनेकल गावचे पंडित सुब्बराय शास्त्री यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात हे श्लोक तोंडी सांगितले, जी. वेंकटाचल शर्मा यांनी ते उतरवून घेतले, आणि एल्लप्पा नावाच्या नकाशेकाराने शास्त्रींच्या सांगण्यावरून विमानांच्या आकृत्या काढल्या. पुढे म्हैसूरच्या जी. आर. जोशियर यांनी 1973 साली इंग्रजी भाषांतरासह ग्रंथ छापला. भाषा वैदिक नाही, अलीकडची संस्कृत आहे, आणि ग्रंथ 1904 च्या मागे नेता येत नाही, या निष्कर्षाला ते आले.

मग त्यांनी आकृत्या हातात घेतल्या. शकुन, सुंदर, रुक्म आणि त्रिपुर ही चार विमाने. मापे, वजने, हवा ओढण्याची आणि फेकण्याची रचना, सगळे उड्डाणाच्या नियमांवर घासून पाहिले. यातले एकही उडण्याजोगे नाही, काही ठिकाणी तर सांगितलेली रचना उड्डाणाला मदत करण्याऐवजी अडवेल, असे त्यांनी कारणांसह लिहिले. त्यांच्या लेखात मला सर्वात महत्त्वाची वाटलेली गोष्ट आपल्या मुंबईशी संबंधित आहे. शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली मुंबईच्या तळपदे यांनी काही नमुने तयार करून पाहिले होते, पण एकही उडवता आला नाही, अशी माहिती त्यात आहे.

हे तळपदे म्हणजे शिवकर बापूजी तळपदे. जे. जे. कलाशाळेशी संबंधित, संस्कृतची आवड असलेले मुंबईकर. 1895 साली चौपाटीवर त्यांनी माणूस न बसवता विमान दीड हजार फूट उडवले, राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, अशी कथा मराठी घरांत अभिमानाने सांगितली जाते. ‘केसरी’त बातमी आली होती असेही सांगतात. अंक कोणता, तारीख कोणती, हे विचारले की बोलणे तिथेच थांबते. कालिन्याचे सत्र झाले त्याच महिन्यात तळपद्यांवरचा ‘हवाईजादा’ हा हिंदी चित्रपट आला आणि कथेला आणखी पंख फुटले. तळपद्यांनी प्रयोग केले याचे मला मनापासून कौतुक आहे. गुलामीच्या काळात, हातात पैसा नसताना, एका माणसाने आकाशाकडे पाहून काही बांधायला घेतले. त्याच्या नावावर न झालेले उड्डाण चढवले की त्याने खरोखर काय केले, हे शोधायची इच्छाच मरते. हा त्याच्यावर अन्याय आहे.

आता बोडसांच्या पदवीकडे परत येऊ. ती खोटी नव्हती. वैमानिकांना शिकवणे हे मोठे जबाबदारीचे काम आहे. पण विमान चालवायला शिकवणे वेगळे, विमानाची रचना गणिताने तपासणे वेगळे, आणि संस्कृत ग्रंथाचा काळ ठरवणे तर त्याहून वेगळे. कालिन्यात ज्या दोन गोष्टी सिद्ध करायच्या होत्या त्यांपैकी एकाही गोष्टीचा अधिकार त्या पदातून येत नव्हता. आणि हेच माप गांधीरामन यांनाही लावले पाहिजे. नासात काम करणे म्हणजे संस्कृत ग्रंथाचा काळ ठरवता येणे नव्हे. त्यांचे म्हणणे बरोबर होते, पण ते बरोबर होते त्यामागे 1974 चा तो लेख होता, नासाचे नाव नव्हे.

या पुस्तकातली नावे चाळताना हीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसेल. बनावट पदवी पकडणे त्यामानाने सोपे. विद्यापीठ अनुदान आयोग बोगस विद्यापीठांची यादी जाहीर करतो, अनेक वर्षांच्या यादीत नागपूरच्याही एका संस्थेचे नाव होते. कठीण असते ती खरी पदवी चुकीच्या जागी वापरलेली. मोरीस ब्युकाय हे फ्रेंच डॉक्टर, पोटाच्या विकारांचे. त्यांचे बायबल, कुराण आणि विज्ञान यांवरचे पुस्तक 1976 साली आले आणि त्याची भाषांतरे जगभर गेली. भिवंडीतही त्यांचे नाव आदराने घेतले जाते. मोठा शास्त्रज्ञ कुराणाची साक्ष देतो, असे म्हणतात तेव्हा तो शास्त्रज्ञ पोटाचा डॉक्टर होता, विश्वाच्या उत्पत्तीचा किंवा भूगर्भाचा अभ्यासक नव्हता, हे कोणी सांगत नाही. अमेरिकेत हेन्री मॉरिस यांनी 1961 साली जॉन व्हिटकॉम्ब या धर्मशास्त्राच्या अभ्यासकाबरोबर लिहिलेल्या पुस्तकात, खडकांचे थर नोहाच्या महापुराने घडले असे मांडले. मॉरिस डॉक्टरेट मिळवलेले होते, पण जलअभियांत्रिकीत. पाण्याच्या प्रवाहाचे त्यांना कळत होते, खडकाच्या वयाचे नव्हते. वैमानिकांचे शिक्षक, पोटाचे डॉक्टर, जलअभियंते. तीन धर्म, तीन देश, आणि तिन्ही पदव्या खऱ्या.

शेलारमधल्या मुलांना हे समजावून सांगायला फार वेळ लागला नाही. इथे ग्रे कापड घेणारा व्यापारी ताक्यावरचा शिक्का वाचतो, मग घडी उलगडून भिंग लावतो आणि इंचात किती पिक, म्हणजे आडवे धागे, बसलेत ते मोजतो. शिक्का कोणाकडे विचारणा करायची हे सांगतो, पैसे मात्र पिकावर ठरतात.

धर्माच्या बाजूनेही बिल्ले असतात आणि तेही तितकेच जड. भारती कृष्ण तीर्थ पुरीच्या गोवर्धन मठाचे शंकराचार्य होते, नागपूरशी त्यांचा जवळचा संबंध होता. त्यांचे ‘वेदिक मॅथेमॅटिक्स’ त्यांच्या निधनानंतर 1965 साली छापले गेले. त्यातली सोळा सूत्रे अथर्ववेदाच्या परिशिष्टातली आहेत, असे त्यांचे म्हणणे. लखनौचे गणित-इतिहासकार कृपाशंकर शुक्ल 1950 साली परिशिष्टाची छापील प्रत घेऊनच त्यांच्याकडे गेले आणि सूत्रे कुठे आहेत ते दाखवा म्हणाले. ती माझ्या स्वतःच्या परिशिष्टात आहेत, असे उत्तर मिळाले. एवढेच नव्हे, पुस्तकाचे संपादक वासुदेव शरण अग्रवाल यांनीही, ही सूत्रे आजवर माहीत असलेल्या परिशिष्टांत सापडत नाहीत, हे त्याच पुस्तकाच्या सुरुवातीला नोंदवले आहे. लाखो प्रती खपल्या, क्लासेस निघाले, शाळांतून स्पर्धा झाल्या, आणि ती पाने वाचायची राहून गेली. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले गणिती श्रीकृष्ण दाणी यांनी सविस्तर लिहिले तेव्हा लोकांना हा नवा आरोप वाटला.

इथे दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. गुणाकाराच्या त्या युक्त्या बरोबर आहेत का, हा गणिताचा प्रश्न. त्या बरोबर आहेत, साध्या बीजगणिताने सिद्ध होतात. त्या वेदातल्या आहेत का, हा वेदाच्या अभ्यासकाचा प्रश्न. शंकराचार्यांच्या पदाबद्दल ज्याला श्रद्धा आहे त्याने ती जरूर ठेवावी, पण त्या पदाने छापील परिशिष्टात नसलेले सूत्र तिथे येत नाही.

मग पदवीच नसलेल्या माणसाचे काय? आपल्या महाराष्ट्रात हा प्रश्न जपून विचारायला हवा. आपल्याकडे कोणाला बोलायचा अधिकार आहे हे तपासायची जुनी रीत जन्म विचारण्याची होती. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या त्या कवितेत दोष निघाला म्हणून नव्हे. शूद्राने वेदांचा अर्थ सांगू नये, हा आक्षेप होता. आज जो कोणी ‘तू कोण सांगणारा’ असे विचारतो त्याच्या मनात कधी कधी तीच जुनी रीत दडलेली असते. लूमवर काम करणाऱ्याच्या मुलीने पुराणातली एखादी गोष्ट किंवा डॉक्टरचा एखादा दावा तपासायला घेतला की तिला गप्प करायला हा प्रश्न फार कामाला येतो. म्हणून या पुस्तकात एक नियम पाळला आहे. माणसाची जात, गाव, धर्म किंवा तो कोणत्या पक्षाचा, हे कुठल्याही नोंदीत नाही. शिक्षण, काम, आणि त्याने स्वतः काय तपासले, एवढेच आहे.

शंकर बाळकृष्ण दीक्षित यांची नोंद मी मुद्दाम मोठी करायला लावली. 1853 साली कोकणातल्या मुरुडला जन्म, शिक्षण मॅट्रिकपर्यंत, पेशा शिक्षकाचा. 1896 साली त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा मराठी ग्रंथ आला. त्याच वर्षी रॉबर्ट सिवेल यांच्याबरोबर त्यांनी भारतीय पंचांगांवर केलेला इंग्रजी ग्रंथही प्रसिद्ध झाला, आणि शिलालेखांतल्या तिथी पडताळायला इतिहासाचे अभ्यासक पुढे कित्येक वर्षे तोच ग्रंथ हाताशी ठेवत. विद्यापीठाची पदवी नसलेल्या या शिक्षकावर विश्वास का ठेवायचा? कारण ते गणित मांडतात. कोणता सिद्धान्त, कोणता आकडा कुठून घेतला, इतरांशी कुठे जुळत नाही, हे सगळे कागदावर आहे. चूक असली तर सापडेल अशी सोय त्यांनी स्वतःच करून ठेवली आहे. पदवी नसलेला पण असा उघडा कागद देणारा माणूस, आणि पदव्यांची रांग लावून कागद झाकून ठेवणारा माणूस, यांत निवड करायला मला वेळ लागत नाही.

याच्या पलीकडे एक अवघड जागा आहे. ज्या विषयाच्या खरेपणावरच वाद आहे, त्याच विषयातली पदवी पुढे केली तर? 2001 साली विद्यापीठ अनुदान आयोगाने फलज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करायला मान्यता दिली, त्यावर देशभर वाद झाला, आणि 2004 साली सर्वोच्च न्यायालयाने त्याविरुद्धची याचिका फेटाळली. आता ज्योतिषात एम. ए. होता येते. पण ग्रहांवरून माणसाचे भविष्य कळते का, या प्रश्नाचे उत्तर त्या एम. ए.च्या प्रमाणपत्रात नाही. प्रमाणपत्र एवढेच सांगते की या माणसाने ज्योतिषाचे नियम शिकले आहेत. उलट बाजूने, 1975 साली अमेरिकेत 186 वैज्ञानिकांनी फलज्योतिषाविरुद्ध निवेदन काढले, त्यांत 18 नोबेल मानकरी होते. कार्ल सेगन यांनी त्यावर सही करायला नकार दिला. ज्योतिष खरे आहे असे त्यांना मुळीच वाटत नव्हते. पण निवेदनाचा सूर हुकमाचा आहे, ही त्यांची तक्रार होती. मला सेगन यांचे पटते. अठरा नोबेलांनी ज्योतिष खोटे ठरत नाही आणि शंभर ज्योतिर्भूषणांनी खरे ठरत नाही.

पुण्यात 2008 साली सुरू झालेली चाचणी म्हणूनच मला या सगळ्या विषयातले सर्वात चांगले मराठी काम वाटते. चौघे जण एकत्र आले. जयंत नारळीकर खगोलशास्त्रज्ञ, सुधाकर कुंटे संख्याशास्त्रज्ञ, नरेंद्र दाभोलकर डॉक्टर आणि अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे नेते, आणि प्रकाश घाटपांडे यांनी तर ज्योतिषाचा स्वतः अभ्यास केलेला. एकाला जे येत नव्हते ते दुसऱ्याला येत होते. हुशार मुलांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर कुंडल्या जमवल्या. त्या मिसळून प्रत्येक ज्योतिषाला चाळीस पाठवल्या आणि कोणती कुंडली कोणत्या गटातली ते सांगा, एवढेच विचारले. 27 ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. सरासरी सुमारे 46 टक्के बरोबर. एका संस्थेने दोनशेच्या दोनशे कुंडल्या घेतल्या, तिची 102 उत्तरे बरोबर आली. नाणे उडवून जे मिळाले असते साधारण तेच. 2009 साली ‘करंट सायन्स’मध्ये निकाल छापून आला.

तेव्हाही आक्षेप आला की नारळीकरांना ज्योतिषातले काय कळते. चाचणीची आखणी अशी होती की त्यांना ते कळण्याची गरजच उरली नाही. उत्तरे ज्योतिषांनीच द्यायची होती, त्यांच्याच नियमांनी. नारळीकरांच्या जागी शेलारचा कोणी मोजदाद करायला बसला असता तरी आकडे तेच आले असते. दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला. त्यांना मारणाऱ्यांना या आकड्यांतला एकही आकडा बदलता आला नाही.

आमच्या तालुक्यातले एक उदाहरण पुस्तकात आहे आणि वाचकाने सुरुवात तिथून केली तरी चालेल. अंबाडीमार्गे वज्रेश्वरीला जाणारे शेलारचे लोक अकलोली-गणेशपुरीच्या गरम कुंडांत अंघोळ करून येतात. देवीने मारलेल्या दैत्यांचे रक्त ते हे पाणी, अशी आख्यायिका. पाणी जमिनीत खोल मुरते, भूगर्भातल्या उष्णतेने तापते आणि खडकांच्या भेगांतून वर येते, हे भूगर्भशास्त्राचे सांगणे. आणि तिसरा एक आवाज असतो, या पाण्यातल्या गंधकाने खरूज जाते हे विज्ञानाने सिद्ध झाले आहे, असे सांगणारा. कथा कोणत्या ग्रंथात आहे आणि कोणत्या रूपात, हे पुराणांच्या अभ्यासकाला विचारावे. पाणी का तापते हे भूगर्भशास्त्रज्ञाला. खरूज जाते का हे त्वचारोगाच्या डॉक्टरला, आणि त्यालाही कोणत्या रुग्णांवर, किती दिवस पाहिले, असे पुढे विचारावे. मुलांनी टिपण केले तेव्हा पहिल्या दोन प्रश्नांना नावानिशी लेखक मिळाले. तिसऱ्या दाव्यामागे नाव निघालेच नाही. ‘शास्त्रज्ञ म्हणतात’ एवढेच. कुंडावर जाणाऱ्याने जरूर जावे, मीही जातो, पण अंगावर चट्टे असतील तर आधी डॉक्टरकडे.

नाव मिळाले की शोध कसा घ्यायचा हे दुसऱ्या प्रकरणात आहे. नावाआधीच्या ‘डॉ.’चा अर्थ एम. बी. बी. एस., बी. ए. एम. एस., पीएच. डी. की मानद पदवी, हे आधी पाहा. पीएच. डी. भारतातली असेल तर प्रबंध ‘शोधगंगा’वर असण्याची शक्यता आहे, त्याचे नुसते शीर्षक वाचले तरी बरेच कळते. डॉक्टर असेल तर वैद्यक परिषदेची नोंद. ‘माजी शास्त्रज्ञ’ असेल तर कोणत्या विभागात, कोणत्या कामावर. मराठी विश्वकोशात नोंदीच्या शेवटी ती लिहिणाऱ्याचे नाव असते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी उभे केलेले हे काम आहे, आणि त्या शेवटच्या ओळीवरही नजर टाकायची सवय लावून घ्या. धर्माविषयी बोलणारा असेल तर तो मूळ भाषा वाचतो का, आणि कोणती छापील प्रत हातात धरून बोलतो, हे विचारा. तर्कतीर्थांनी अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार नाही असे गांधीजींच्या बाजूने मांडले तेव्हा सनातनी पंडितांना त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेता आले नाही, कारण न्यायशास्त्रातली ‘तर्कतीर्थ’ ही पदवी त्यांनी मिळवली होती आणि वचने ते पोथी उघडून दाखवत होते.

शेवटच्या प्रकरणात मुलांनी सध्या आमच्या भागात फिरत असलेले काही दावे लिहिले आहेत, प्रत्येकासमोर सांगणाऱ्याचे नाव, शिक्षण आणि मूळ कागद यांसाठी रकाने आखले आहेत. काही रकाने त्यांनी भरले, बरेच मोकळे आहेत. तळपद्यांच्या ओळीत ‘केसरी’च्या अंकाची तारीख हा रकाना मोकळा आहे. 1895 सालच्या अंकांची फाइल ज्याला पाहायला मिळेल त्याने ती पाहावी आणि बातमी सापडली तरी कळवावे, नाही सापडली तरी कळवावे, कोणते अंक पाहिले त्यांच्या तारखांसह.